पंचामृतातला अंगठा

डॉक्टरांनी दिलेल्या मलमाचं खोकं उघडायचंच नाही, एवढा एकच निर्णय वेणीमाधव करमाळकरांनी त्या संध्याकाळी घेतला. तसा निर्णय लहानच. घरातले मोठे निर्णय (सोफा कुठला घ्यायचा, मुलाचं लग्न कुठं जमवायचं, पंखा कितीवर ठेवायचा) त्यांच्या पत्नी अनसूयाबाई घेत. वेणीमाधवरावांच्या वाट्याला असले किरकोळच यायचे. त्यामुळं आलेला प्रत्येक निर्णय ते अगदी मन लावून घेत.

प्रकरण सुरू झालं ते पाण्यावरून. जुळे सोलापुरात नळाला पाणी येतं त्या दिवशी माणूस देवाला विसरतो, तिथं पायाचा अंगठा कुठून लक्षात राहणार? पाणी आल्याची हाक ऐकून वेणीमाधवराव पेपर टाकून पिंपाकडं धावले आणि पिंपाखालच्या लोखंडी तिवईवर त्यांचा उजवा अंगठा असा आपटला की नख अर्धं उचकटलं. त्यांची आरोळी ऐकून शेजारचे बसलिंगप्पा कंपाउंडवरून डोकावले.

"काय ओ करमाळकर, पाणी गेलं काय?" त्यांनी काळजीनं विचारलं. सोलापुरात माणूस एवढ्या दुःखानं ओरडायला दुसरं कारण असू शकतं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

अंगठा सुजला, मग लाल झाला, मग ठणकायला लागला. वेणीमाधवरावांना शुगर होती. त्यात अनसूयाबाईंच्या वडिलांचा पाय शुगरनंच गेला होता, आणि तोही अशाच एका क्षुल्लक जखमेवरून. त्यामुळं त्यांनी नवऱ्याला रिक्षात घातलं आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टर अंकिताकडं नेलं. जाताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत, यावरूनच त्या घाबरल्या आहेत हे वेणीमाधवरावांनी ओळखायला हवं होतं.

"काका, शुगर असलेल्या माणसानं पायाच्या जखमेशी खेळू नये," अंकिता म्हणाली. "या गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या. रोज जखम धुवून हे मलम लावायचं, वर स्वच्छ पट्टी. आणि दुखायचं थांबलं म्हणून औषध थांबवायचं नाही."

आता अडचण अशी, की वेणीमाधवराव ज्या कॉलेजात हेडक्लार्क होते त्याच कॉलेजात ही अंकिता अकरावी-बारावी शिकली होती. तिच्या बोनाफाईडवर त्यांनी स्वतः शिक्का मारलेला. फी भरायच्या रांगेत दोन वेण्या घालून उभी असणारी पोरगी आपल्या अंगठ्याबद्दल आपल्यालाच सांगते, हे काही त्यांच्या पचनी पडेना. घरी येऊन त्यांनी मोबाईल काढला आणि स्वतःच वैद्यकशास्त्राचा अभ्यास करायला बसले.

शास्त्र लगेच सापडलं. मध. मधात जंतू जगत नाहीत. पूर्वीच्या काळी तर लावतच, पण आज परदेशातल्या मोठमोठ्या दवाखान्यांतसुद्धा जखमेवर मध लावतात. वेणीमाधवरावांचा ऊर भरून आला. (आपलं ते सगळं चांगलं असतं, फक्त ते परदेशात गेल्यावर आपल्याला कळतं, हे त्यांचं आवडतं मत होतं.) लेखाच्या पुढच्या भागात, जखमेवर लावायचा मध खास निर्जंतुक केलेला असतो आणि घरातला मध वापरू नये, असंही ठळक लिहिलं होतं. पण तिथं पोचायला 'पुढे वाचा' असं बटण दाबावं लागत होतं. वेणीमाधवरावांनी उभ्या आयुष्यात कुठलंच बटण गरज नसताना दाबलं नव्हतं.

मलमाचं खोकं न उघडण्याचा निर्णय झाला तो इथं. आता प्रश्न होता मध आणायचा कुठून. अनसूयाबाईंनी घरातली साखर उडदाच्या डाळीच्या डब्यात लपवून ठेवली होती आणि गूळ कुठं ठेवला होता हे देवालाच ठाऊक. अशा घरात शुगरचा माणूस "मला मध हवा, अंगठ्याला लावायला" असं म्हणाला, तर त्यावर शेंबडं पोर तरी विश्वास ठेवील का?

त्यांना आठवला कुंडलिक. कॉलेजचा वॉचमन, मंद्रूपचा. घरी थोडी शेती.

"मध पायजे व्हय सायेब?" कुंडलिक म्हणाला. "मग दुकानातला कशाला घेताय? आमच्या बांधावरल्या लिंबाला ह्ये एवढं मोहोळ हाय की."

दोन दिवसांनी त्यानं इकडंतिकडं बघत खिशातून क्वार्टरची बाटली काढून टेबलाखालून पुढं केली. वेणीमाधवराव दचकले.

"बाटलीचं मनावर घिऊ नगा. बाटली इंग्लिश हाय, मध गावठी हाय," कुंडलिकनं समजावलं. "आन् एक ध्यानात ठिवा. अस्सल मधाला मुंगी शिवत न्हाय. मुंगी लागली तर मध खोटा, आन् मी बी खोटा."

हे वाक्य वेणीमाधवरावांनी मनात कोरून ठेवलं. पुढं त्यांना त्याचा भयंकर उपयोग झाला.

मध त्यांनी एका रिकाम्या काचेच्या बाटलीत ओतला आणि घरी आणून देवघराच्या खालच्या कप्प्यात, कापराच्या डबीमागं दडवला. डॉक्टरांच्या गोळ्या आणि मलमाचं खोकंही तिथंच मागं ढकललं. रोजची पूजा तेच करत असल्यामुळं तो कप्पा म्हणजे त्या घरातली त्यांची एकमेव मालमत्ता होती. रोज सकाळी सोवळं नेसून ते देवघराचं दार लोटून घेत आणि मोठ्यानं अथर्वशीर्ष म्हणत अंगठ्याची पट्टी सोडत. एक फुलवात मधात बुडवायची, अंगठ्याला फासायची, पुन्हा तीच बाटलीत बुडवायची, पुन्हा फासायची. (कापूस काय फुकट येतो?) देवांना ते मनातल्या मनात म्हणत, "माफ करा, जागेची अडचण आहे." देव काही बोलले नाहीत. या घरात न बोलण्याची सवय त्यांनाही लागली असावी.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग मुंग्या आल्या.

पहिल्यांदा आल्या त्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये. वेणीमाधवराव फाईल घेऊन उभे, आणि मोज्यातून काहीतरी पोटरीवर चढायला लागलं. त्यांनी डावा पाय उजव्यावर घासला, मग जागच्या जागी दोनचार उड्या मारल्या. प्राचार्यांनी झटकन सही केली आणि लवकर घरी जायची परवानगी दिली. घरी आल्यावर दुपारी जरा आडवे झाले तर गादीवर मुंग्यांची रांग, थेट पायाकडं निघालेली.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मध लावलाय, मुंग्या येणारच. पण कुंडलिकचं वाक्य मध्ये आलं. अस्सल मधाला मुंगी शिवत नाही. म्हणजे मध खोटा? छे. टेबलाखालून, बाटलीचं टोपण हुंगून, माणूस पारखून घेतलेला मध खोटा कसा असेल? मग मुंग्या कशाला लागल्या? त्या मधाला लागल्या नसतील तर एकच गोष्ट उरते, असा विचार करता करता वेणीमाधवरावांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या शुगरला लागल्या होत्या. आपलं रक्त इतकं गोड झालं, की मुंग्यांना वरून वास यायला लागला.

फसवले गेलो हे मान्य करण्यापेक्षा पाकात बुडालेलं परवडलं, असा स्वभावच असतो एकेकाचा.

अनसूयाबाईंनीही गादीवरच्या मुंग्या बघितल्या. त्या क्षणभर नवऱ्याच्या पायाकडं बघत राहिल्या, मग मुंग्यांची रांग कुठून येते ते बघत बघत बाहेर गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या तेव्हा त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"शुगर फार वाढलेली दिसते तुमची," त्या म्हणाल्या.

"तसंच वाटतंय गं मला," वेणीमाधवराव खोल आवाजात म्हणाले.

त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं त्याला आहार म्हणता येणार नाही. सकाळी कारल्याचा रस. दुपारी कडक भाकरी आणि मेथी. रात्री उरलेली कडक भाकरी आणि उरलेली मेथी. शेंगाची चटणीसुद्धा चमच्याच्या टोकावर. सोबत अनसूयाबाई तळहातावर एक गोळी ठेवून समोर उभ्या राहत. "शुगरची नवी गोळी आहे. माझ्यासमोर घ्यायची." मुंग्यांना भ्यालेले वेणीमाधवराव ती मुकाट्यानं गिळत. आणि संध्याकाळी त्या गरम पाणी घेऊन बसत, त्यांचा पाय मांडीवर घेऊन जखम हळूहळू धूत, वाटीतून आणलेलं एक मलम लावत आणि पट्टी घट्ट बांधून टाकत.

"हे कसलं मलम?"

"मुंग्यांचं," अनसूयाबाई म्हणत. "पट्टी सोडलीत तर पुन्हा येतील."

त्या आवाजात असं काही होतं, की वेणीमाधवराव पट्टी सोडायचे नाहीत. आता सकाळी ते पट्टीच्या वरूनच मधाचं एक बोट फिरवत, तेवढंच शास्त्राचं समाधान. आणि चमत्कार असा, की अंगठा भराभर सुधारत गेला. सूज उतरली, ठणका गेला, खालून नवी गुलाबी कातडी डोकावायला लागली. कॉलेजात ते ज्याला त्याला बूट काढून दाखवत. "मध," ते एवढंच म्हणत आणि गूढ हसत.

तोवर घरातला सत्यनारायण जवळ आला.

मुलाचं, अनिमेषचं, लग्न नुकतंच झालं होतं. सून निवेदिता नातेपुत्याची. मुलगी गुणाची, घराणं चांगलं, सगळं छान होतं. वेणीमाधवरावांना धसका होता तो फक्त व्याह्यांचा. व्याही निवृत्त आरोग्य निरीक्षक. आयुष्यभर विहिरींत पावडर टाकलेला आणि हॉटेलांच्या मोऱ्यांत वाकून बघितलेला माणूस. बोलणी करायला आले तेव्हा त्यांनी पाणी पिण्याआधी पेल्याचा तळ उजेडात धरून पाहिला होता, आणि तो पसंत पडल्यावरच मुलगी दिली, असं वेणीमाधवरावांचं प्रामाणिक मत होतं. हे व्याही पूजेला सहकुटुंब यायचे होते. आपल्या मुलीला कशा घरात दिलंय ते एकदा नीट बघायला.

अनसूयाबाईंनी घर धुऊन काढलं. पिंपं घासली. देवघर लखलखीत केलं. सगळी आळी जमली, गुरुजी आले, अनिमेष आणि निवेदिता पाटावर बसले. वेणीमाधवराव नव्या सदऱ्यात भिंतीला टेकून कृतार्थ मनानं सगळं बघत होते. देवाला स्नान चाललं होतं. दूध झालं, दही झालं, तूप झालं.

"मधुस्नानं समर्पयामि," गुरुजी म्हणाले.

वेणीमाधवराव कृतार्थच होते. मग 'मधु' हा शब्द कानातून हळूहळू डोक्यात उतरला, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हा मध कुठला?

ते उठले, कुणाचा पाय तुडवला, कुणाची माफी मागितली आणि देवघरात गेले. खालचा कप्पा स्वच्छ पुसलेला होता. कापराची डबी होती. बाटली नव्हती.

ती बाटली. जिच्यात रोज सकाळी फुलवात बुडाली, अंगठ्याला लागली आणि पुन्हा बुडाली. (कापूस वाचवला होता ना.)

ते स्वयंपाकघरात धावले. अनसूयाबाई शिरा परतत होत्या.

"अगं, पंचामृतात मध कुठला घातलास?"

"देवाजवळ ठेवला होता तो," अनसूयाबाई मान वर न करता म्हणाल्या. "आणि तुम्हाला हो काय करायचंय मधाशी?"

बाहेर व्याही बसलेले, विहिणबाई बसलेल्या, नवी सून पाटावर. सांगायचं तरी काय? थांबा मंडळी, त्या पंचामृतात माझा अंगठा आहे? अनिमेषचा संसार अजून सुरूसुद्धा झाला नव्हता. व्याही मुलीला उचलून त्याच गाडीनं परत घेऊन जातील, आणि जाताना घराला सील ठोकतील.

कथा सुरू झाली होती. पहिल्या अध्यायात वेणीमाधवराव गुरुजींच्या कानाशी लागले. "गुरुजी, तीर्थ म्हणून नुसतं तुळशीचं पाणी दिलं तर चालेल का? हल्ली दूध बाधतं लोकांना."

"पंचामृताशिवाय तीर्थ?" गुरुजींनी पोथीवरून असं बघितलं, की साधुवाण्याचं गलबत बुडालं ते अशाच प्रश्नांमुळं असावं.

तिसऱ्या अध्यायात ते समईची वात सारायला म्हणून वाकले आणि कोपरानं पंचामृताचा गंज लोटला. गंज कलंडला, आणि व्याह्यांनी बसल्या जागेवरून झडप घालून तो सावरला. एक थेंब सांडला नाही. "नजर ठेवावी लागते हो चौफेर, खात्यात होतो ना," ते नम्रपणे म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. देवाच्या मनातच होतं, असं कुणीतरी म्हणालं, आणि वेणीमाधवरावांना ते अगदी पटलं.

पुढचे अध्याय त्यांनी ऐकले नाहीत. आरती झाली. गुरुजींनी पंचामृताचा गंज आणि पळी उचलून त्यांच्याच हातात दिली. "घरच्या मोठ्या माणसानं तीर्थ द्यावं."

पहिला हात पुढं आला तो व्याह्यांचा. गोरा, स्वच्छ, नखं अगदी बेताची कापलेली. आयुष्यभर गावोगावच्या जंतूंशी लढलेला हात, आणि तो आता भक्तिभावानं खोलगट करून ते वेणीमाधवरावांसमोर उभे होते. मागं विहिणबाई. त्यांच्यामागं बसलिंगप्पा आणि त्यांच्या पत्नी शिवबाई. मागं सगळी आळी.

तीर्थ फेकता येत नाही. सांडता येत नाही, ते करून बघितलं होतं. वेणीमाधवरावांना स्वच्छ दिसलं, की जगात एकच माणूस हे पंचामृत पिऊ शकतो. अंगठा ज्याचा, त्यानंच प्यावं. दुसऱ्या कुणाला अपाय होता कामा नये. असा मोठा विचार त्यांच्या मनात जन्मात पहिल्यांदाच आला, आणि त्या विचारानं त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी गंज दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला.

तांब्याभर पंचामृत होतं. दूध, दही, तूप, मध, साखर. कारलं आणि मेथीवर दिवस काढलेला तो घसा आधी बिचकला, मग त्याला ओळख पटली, आणि मग तो थांबेना. आता खरं सांगायचं तर मधल्या चारपाच घोटांत त्याग वगैरे काही नव्हतं. ते नुसतंच गोड लागत होतं.

"अरे अरे, करमाळकर," बसलिंगप्पा म्हणाले, "खाली ठेवा की ओ. शुगर हाय तुमाला."

वेणीमाधवरावांनी शेवटचा थेंब निथळून घेतला, तुळशीचं पान चावून खाल्लं आणि रिकामा गंज खाली ठेवला. मिशीवर दही होतं. व्याह्यांचा हात अजून तसाच पुढं होता. वाचवलं, वेणीमाधवराव मनात म्हणाले. सगळ्यांना वाचवलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अनसूयाबाई आल्या. हातात पितळी पातेलं होतं, गंजाच्या दुप्पट.

"संपलं वाटतं? असू दे, असू दे. मी आत आणखी करून ठेवलंय. सगळ्यांना पोटभर मिळेल."

वेणीमाधवरावांनी त्या पातेल्याकडं बघितलं. आपल्या पोटाकडं बघितलं. आणि तरीही, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं, ते दोन्ही हात पसरून पातेल्याकडं निघाले. व्याह्यांनी त्यांचं मनगट धरलं.

"व्याहीबुवा," ते हळू आवाजात म्हणाले, "आम्हालाही ठेवा थोडं."

मग अनसूयाबाईंनी सगळ्यांना तीर्थ दिलं. वेणीमाधवराव कोपऱ्यात बसून एकेक तळहात तोंडाकडं जाताना बघत होते. व्याह्यांनी तीर्थ घेतलं, डोळे मिटले, तळहात चाटला, आणि म्हणाले, "मध मात्र अस्सल आहे हो."

संध्याकाळपर्यंत वेणीमाधवरावांचा घसा कोरडा पडला, डोकं गरगरायला लागलं आणि भिंती सरकायला लागल्या. अनसूयाबाईंनी पुन्हा रिक्षा बोलावली. पाहुण्यांना मुलावर सोपवून दोघं निघाले. वाटेत वेणीमाधवराव त्यांचा हात धरून म्हणाले, "व्याह्यांच्या पोटात काही दुखतंय का, विचार गं." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

डॉक्टर अंकितानं बोटातून थेंब काढला, मशीनवरचा आकडा बघितला आणि मशीन बिघडलं की काय म्हणून पुन्हा थेंब काढला.

"काका, एवढी शुगर वाढली कशानं?"

"तीर्थानं," अनसूयाबाई म्हणाल्या.

अंकितानं इंजेक्शन दिलं, पाणी प्यायला लावलं, नेमून दिलेल्या पथ्याबद्दल दहा वेळा सुनावलं. मग तिनं पायाची पट्टी सोडली आणि तिचा आवाज बदलला. "पण जखम सुंदर भरलीय. फारच छान."

पडल्या पडल्या वेणीमाधवरावांच्या अंगात बळ आलं. "त्याचं कारण तुझी औषधं नव्हेत," ते म्हणाले. "राग मानू नकोस. मी तुझं मलम उघडलंसुद्धा नाही. मध लावला. साधा मध."

अंकितानं अनसूयाबाईंकडं बघितलं. अनसूयाबाईंनी पर्समधून चेपलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली. शेजारी गोळ्यांची रिकामी पाकिटं ठेवली.

"मुंग्यांच्या रांगेमागनं गेले मी त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "थेट देवघरात निघाली. कप्प्यात मध, आणि त्याच्यामागं सगळी औषधं, खोकंसुद्धा न फोडलेली. तुम्ही शुगरच्या म्हणून घेतल्यात त्या गोळ्या याच. मुंग्यांचं मलम म्हणजे हेच."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"ऐकलं असतंत? आधी डॉक्टरनं सांगितलं, ते ऐकलं नाहीत. मी सांगितलेलं आजवर कधी ऐकलं नाहीत. मुंग्यांनी सांगितलं, ते मात्र लगेच ऐकलंत." आणि मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबांच्या वेळी आम्ही सगळे समजूत घालत बसलो. समजूत पटेपर्यंत पाय गेला. मला नव्हती घालायची समजूत."

तो गरम पाण्याचा तांब्या, रोज संध्याकाळी मांडीवर घेतलेला पाय, ते सगळं आठवून वेणीमाधवरावांना एकदम भरून आलं. मांडीवर पाय घेणाऱ्या बाईला आपण हे मलम कसलं म्हणून विचारत होतो, याची लाज वाटली.

अंकितानं ट्यूब उचलून त्यांच्या डोळ्यांपुढं धरली. "वाचा की काका."

वेणीमाधवरावांनी चष्मा लावला. बारीक अक्षर होतं, पण वाचता आलं. मलम मधाचंच होतं. जखमेसाठी निर्जंतुक केलेला, तपासलेला मध. परदेशातल्या दवाखान्यात लावतात तसा. पहिल्या दिवसापासून तो देवघरातच पडला होता, त्यांच्या बाटलीमागं.

"आणि माझी बाटली?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"देवघर आवरलं तेव्हाच मोरीत ओतली."

"मग पंचामृतात कुठला होता?"

"व्याह्यांनी आणला की. येतानाच बाटली दिली त्यांनी, घरच्या मधमाश्यांच्या पेट्यांमधला. देवाजवळ ठेवली होती मी." अनसूयाबाईंनी नवऱ्याकडं नीट बघितलं. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. आधी कोपरानं लोटलेला गंज आठवला, मग तोंडाला लावलेला. "अगं बाई, म्हणजे तुम्ही ते... त्यासाठी प्यायलात?"

वेणीमाधवरावांनी मान डोलावली. अनसूयाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या हसत होत्या की रडत होत्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अंकिता तर खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसली होती.

घरी परत येताना वेणीमाधवरावांना जरा हुशारी वाटायला लागली. "एका अर्थी बरंच झालं म्हण," ते रिक्षात म्हणाले. "एवढ्या लोकांसमोर गंजच्या गंज तीर्थ प्यायचं म्हणजे केवढी भक्ती. आळीत नाव झालं असेल."

अनसूयाबाईंनी बाहेर बघत सांगितलं, "आळीत असं बोलतायत, की बायकोनं इतके दिवस कारल्यावर ठेवलं, म्हाताऱ्याला गोड दिसलं आणि ताबा सुटला. विहिणबाईंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, अधूनमधून देत जा हो काहीतरी, माणसाचा जीव आहे."

वेणीमाधवराव रिक्षात ताठ झाले. "हावरट म्हणतायत मला?"

"खरं काय ते सांगू का सगळ्यांना?" अनसूयाबाईंनी विचारलं. "फुलवातीपासून सांगते. व्याह्यांना आधी."

वेणीमाधवरावांनी खूप विचार केला. रिक्षा आळीत शिरेपर्यंत केला. एवढा मोठा निर्णय आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर सोपवला गेला होता.

"नको," ते शेवटी म्हणाले. "हावरट ठीक आहे."

पुढच्या महिन्यात बसलिंगप्पांकडं पूजा होती. वेणीमाधवराव धडधाकट अंगठ्यानं चालत गेले, रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर हात पुढं केला. शिवबाईंनी त्यांच्या तळहातावर मोजून अर्धी पळी तीर्थ घातलं. मग पातेलं उचलून पाठीमागं ठेवलं, त्यावर ताट झाकलं आणि मागं उभ्या असलेल्या अनसूयाबाईंना म्हणाल्या, "वैनी, तुमी जरा हितं मधी बसता काय?"